थंड माणूस आणि कोरडा माणूस

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध आजोबा देवाघरी गेले. महिन्याच्या मिस्सेच्या वेळी नातवंडांपैकी कुणीतरी चार शब्द बोलावेत असे घरच्यांनी ठरविले आणि ते काम पुण्यात शिकणाऱ्या थोरल्या नातीकडे आले. तिने कागदावर नीट लिहून आणले होते. लिहिले होते मराठीतच. मात्र आजोबांच्या स्वभावाविषयी सांगताना तिला आपला शब्द सापडला नसावा. तेथे तिने ‘अलूफ’ हा इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवून दिला होता. आजोबा तसे अलूफच होते, असे ते वाक्य होते. कागद मिस्सेपूर्वी माझ्या नजरेखालून जावा म्हणून मुलीचे वडील घेऊन आले, तेव्हा आजीही सोबत होत्या. त्यांनी विचारले, “फादर, हे अलूफ म्हणजे काय हो?”

मी चटकन सांगून टाकले, “अलिप्त.”

“अलिप्त तर साधू असतात. आमचे हे कुठले साधू?”

मग मी ‘तटस्थ’ म्हणून पाहिले. तेही त्यांना पटले नाही. नात म्हणाली, “आज्जी, अलूफ म्हणजे थंड गं. कोणाशी फार जवळीक नसणारा.” त्यावर आजी जवळजवळ हसल्याच. “थंड? त्यांचा राग साऱ्या गल्लीला ठाऊक होता!” मग थोडा वेळ त्या गप्प राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “बाई, तुला कोरडे म्हणायचं आहे का? कोरडे नव्हते ते.” मुलीचे वडील यावर काहीच बोलले नाहीत. त्यांना मुलीचेच म्हणणे बरोबर वाटत असावे हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

मिस्सेला दोन दिवस अवकाश होता. कागद मी ठेवून घेतला. एका शब्दावरून एका घरात मायलेकांचे मन दुखावले जाऊ नये, एवढाच माझा त्या वेळी हेतू होता. परंतु शब्दकोश उघडले आणि एका शब्दातून दुसऱ्या शब्दात असा मी चालत गेलो, की तो प्रवास आपल्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

‘अलूफ’ हा शब्द मुळात माणसाच्या स्वभावाचा नव्हेच. तो समुद्रावरचा आहे. डच भाषेत जहाजाच्या ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला ‘लूफ’ असा शब्द आहे. सोळाव्या शतकात इंग्रज खलाशांनी तो उचलला. शिडाचे जहाज किनाऱ्याजवळून जात असताना वारा त्याला किनाऱ्याकडे ढकलू लागला, म्हणजे खडकावर आपटून ते फुटण्याचे भय असते. अशा वेळी सुकाणूधराला आज्ञा होई की, तोंड वाऱ्याकडे धर, किनाऱ्यापासून दूर राहा. हीच ती ‘अलूफ’ची आज्ञा. सोळावे शतक सरता सरता हा शब्द माणसांनाही लागू होऊ लागला; जो इतरांपासून अंतर राखून असतो तो अलूफ. आज इंग्रजीत जहाजाची आठवण कुणालाच उरलेली नाही. केवळ स्वभावाचा एक ठपका तेवढा शिल्लक आहे. पण मुळातला अर्थ लक्षात घ्या. किनाऱ्याविषयी त्या जहाजाला तिरस्कार नव्हता. फुटू नये म्हणून ते दूर राहत होते.

याच काळातला एक इंग्रज आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. थॉमस स्टीफन्स १५७९ सालच्या ४ एप्रिलला लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचला. पोहोचल्यावर दोनअडीच आठवड्यांनी त्याने आपल्या वडिलांना पत्र लिहून त्या प्रवासाचे वर्णन कळविले. ते पुढे इंग्लंडात छापलेही गेले. शिडाच्या जहाजावरील साडेसहा महिने म्हणजे किती वेळा किनाऱ्यापासून दूर राहण्याची आज्ञा झाली असेल, याची कल्पनाच करावी. त्या पिढीत इंग्लंडातून हिंदुस्थानात येणारा माणूस विरळा. आला तरी परका म्हणून चार हात दूर राहणे त्याला सोपे होते. या येशूसंघीय धर्मगुरूने तसे केले नाही. त्याने आपल्या संतांची ओवी घेतली आणि १६१६ साली रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. हे १६१६ साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता आपल्या शब्दांकडे वळू. मी आजींना सुचविलेल्या ‘तटस्थ’चा अर्थ तटावर उभा असलेला. गंमत पाहा. इंग्रजीतला दूरचा माणूस पाण्यात आहे आणि तो किनाऱ्याला टाळतो. आपला दूरचा माणूस किनाऱ्यावर आहे आणि तो पाण्यात उतरत नाही. ज्याला समुद्र माहीत त्याने समुद्रावरून उपमा घेतली, ज्याला गोदावरीचा घाट माहीत त्याने घाटावरून. पूर कितीही येवो, तटावरचा माणूस भिजत नाही. निवाडा करणाऱ्याला हा गुण आहे; घरातल्या माणसाला तो गुण की दोष, हे मात्र प्रसंगावर अवलंबून राहील.

‘अलिप्त’ म्हणजे ज्याला काही माखलेले, चिकटलेले नाही असा. हा शब्द मराठीने नेहमीच आदराने वापरला. १९६१ साली बेलग्रेड येथे ज्या राष्ट्रांची पहिली परिषद भरली, त्यांच्या चळवळीला मराठी वृत्तपत्रांनी ‘अलिप्ततावादी’ म्हटले ते काही निंदेने नव्हे. आजींना तो शब्द आपल्या यजमानांसाठी मोठा वाटला, यात त्यांची भाषेची जाण दिसते.

परंतु सर्वांत मनोरंजक कहाणी ‘उदासीन’ या शब्दाची आहे. उत् आणि आसीन, म्हणजे वर अथवा बाजूला बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उदासीन हा एक राजा आहे. दोन राजांच्या भांडणात न पडणारा, आणि दुबळा म्हणून नव्हे तर बलवान असून न पडणारा. भगवद्गीतेत हाच शब्द भक्ताच्या आणि गुणातीत पुरुषाच्या लक्षणांत येतो. ज्ञानदेवांनी १२९० साली नेवासे येथे गीतेवर मराठी भाष्य केले, तेव्हा तो मराठी जनांच्या कानी पडला. तुकोबांच्या अभंगात ‘उदास’ म्हणजे अनासक्त. धन जोडूनही त्यात न गुंतलेला. आणि आज? आज आपण ‘उदास’ म्हणतो तो खिन्न माणसाला, आणि ‘उदासीन’ म्हणतो तो बेपर्वा कारभाऱ्याला. ग्रामपंचायत नालीच्या बाबतीत उदासीन आहे, असे आपण वाचतो! गीतेतल्या भक्ताचा शब्द नालीपर्यंत येऊन पोहोचला.

कुणी म्हणेल, हा आपल्या भाषेचा ऱ्हास. तसे नाही. नेमके हेच ग्रीक भाषेतल्या एका शब्दाचे झाले, आणि तो शब्द तर आपल्या ख्रिस्ती परंपरेतला आहे. अथेन्स नगरीतील स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ ‘अपाथेया’ हे साधनेचे ध्येय मानीत. विकारांनी हलून न जाणारे मन म्हणजे अपाथेया. संत पौल अथेन्सला गेला तेव्हा त्याची ज्यांच्याशी गाठ पडली त्यांत हे स्टोइकही होते, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. पुढे चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी हा शब्द स्वीकारला. त्यांच्यातला एव्हाग्रियस, जो ३९९ साली वारला, तो अपाथेयाला प्रीतीची जननी मानीत असे. विकार शमले म्हणजे मनात प्रीती जन्मते, असा त्याचा अनुभव. आणि आज इंग्रजीत त्याच शब्दाचा ‘अपथी’ झाला आहे. अर्थ काय, तर कशाचेच काही न वाटणे.

ख्रिस्तसभेतही सर्वांना हा शब्द रुचला नव्हता. संत जेरोम फटकळ होताच. त्याने लिहिले की, ज्याला काहीच वाटत नाही असा माणूस एक तर दगड असेल नाही तर देव. संत ऑगस्टीनने आपल्या ‘देवाची नगरी’ या ग्रंथात अधिक मूलगामी प्रश्न केला. लाजरसाच्या कबरेपाशी प्रभू येशू रडला. मग न रडणारा शिष्य गुरूहून मोठा झाला की काय? मला व्यक्तिशः या वादात ऑगस्टीनचे म्हणणे पटते. पण एव्हाग्रियसही चुकला असे वाटत नाही. दोघे दोन वेगळ्या माणसांविषयी बोलत होते. एकाच्या मनावर तरंग उठत नाहीत, कारण ते खोल आहे. दुसऱ्याच्या मनावर तरंग उठत नाहीत, कारण तेथे पाणीच नाही. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच शांत दिसतात.

आणि येथेच आपल्या पैठणचे एकनाथ महाराज आठवतात. आमच्या शहरापासून पैठण काही फार दूर नाही. नाथांच्याच नावाचा नाथसागर १९७६ पासून आमची तहान भागवतो. नाथांच्या दोन कथा मराठवाड्यात लहानथोरांना ठाऊक आहेत. गोदावरीचे स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकतो, आणि नाथ दर वेळी न रागावता पुन्हा स्नानाला जातात. दुसरी कथा काशीहून रामेश्वरासाठी आणलेल्या गंगाजलाची. वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसताच नाथ ते सारे पाणी त्याच्या मुखात ओततात. एकाच माणसाच्या या दोन गोष्टी आहेत. अपमानाने तो हलत नाही आणि तहानेने व्याकूळ झालेला जीव पाहून तो क्षणभर थांबत नाही. त्याला शांत म्हणता येईल, उदासीन म्हणता येईल, पण कोरडा कोण म्हणेल?

आजींचा शब्द हाच होता. तो इतका साधा आहे की कोश पाहावा असे कुणाला वाटत नाही. पण मराठीत प्रीतीचे आणि तिच्या अभावाचे शब्द एकदा ओळीने आठवून पाहावेत. मायेचा ओलावा. मन द्रवले. पाषाणाला पाझर फुटला. आईला पान्हा फुटला. आणि ज्याच्याजवळ हे नाही तो कोरडा, शुष्क, रुक्ष. कोरडी सहानुभूती, कोरडे स्वागत, लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारे कोरडे पाषाण (ही म्हण ऐकली की आम्हा प्रवचनकारांच्या पोटात गोळा येतो). ‘जिव्हाळा’ हा शब्द तर आपण आज केवळ मनाविषयी वापरतो. पण जिव्हाळा म्हणजे जमिनीतून फुटणारा जिवंत झराही. विहीर खणताना काळा कातळ लागतो, सुरुंग लावावे लागतात, पैसा संपत येतो, आणि एखाद्या दिवशी कातळाच्या फटीतून ओल दिसते. त्या ओलीला जो जपतो तोच जिव्हाळ्याचा अर्थ जाणतो.

इंग्रजीत याच्या जागी थंडी आणि ऊब आहे. युरोपच्या बर्फात थंडी म्हणजे मरण, म्हणून थंड माणूस म्हणजे प्रेमशून्य माणूस. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिसावर जातो. आपल्याला थंडी म्हणजे सुख. जीव थंड झाला, डोळे निवाले, काळजात गारवा आला, असे आपण आनंदाने म्हणतो. उलट तापट आणि गरम डोक्याचा हे दोष. मराठीत कुणाला थंड म्हटले तर फार तर तो सुस्त ठरतो. ‘थंडा प्रतिसाद’ आणि ‘उबदार स्वागत’ ही तर वृत्तपत्रांनी इंग्रजीवरून घडविलेली नाणी होत. मायेची ऊब आपल्याकडे आहे खरी, परंतु ती गोधडीची, कुशीची, अंड्यावर बसलेल्या कोंबडीची ऊब आहे. ती नसलेल्या माणसाला आपण थंड म्हणत नाही. आजी ‘थंड’ या शब्दाला हसल्या ते त्यामुळे.

मराठवाड्यात तर या कोरडेपणाला आणखी एक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि दरबाराची, कचेरीची भाषा उर्दू होती. तिचे शब्द आमच्या बोलीत अजून आहेत. त्या भाषेतही तुटक माणूस रूखा असतो, खुश्क असतो, म्हणजे कोरडाच. वली आणि सिराज हे दोन थोर शायर याच औरंगाबादचे. ज्याच्यावर जीव जडला तो वळूनही पाहत नाही, ही तर गझलेची सनातन तक्रार. तिला ‘तगाफुल’ म्हणतात. जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष! ते सहन करीत राहणे ही गझलेत प्रेमाची कसोटी मानली गेली. घरातल्या नातवंडांकडून ती अपेक्षा करता येत नाही, हेही खरे.

पवित्र शास्त्राने दोन्ही उपमा घेतल्या आहेत. शेवटच्या काळी पुष्कळांची प्रीती थंडावेल असे प्रभूने मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले. पण त्याच शुभवर्तमानात, लहानांतल्या एकाला दिलेला थंड पाण्याचा पेलाही वाया जाणार नाही असे अभिवचन आहे. पॅलेस्टाइन हाही उन्हाचा देश. प्रकटीकरणात लावदिकिया येथील मंडळीला, तू थंडही नाहीस व गरमही नाहीस, कोमट आहेस, असा बोल लावला आहे. आम्ही पूर्वी प्रवचनात सांगत असू की, गरम म्हणजे भक्त, थंड म्हणजे अविश्वासी, आणि कोमट त्याहून वाईट. अलीकडचे अनेक शास्त्रपंडित वेगळे सांगतात. लावदिकियाजवळ हिएरापोलिस येथे उष्ण पाण्याचे झरे होते, ते औषधी. कलस्सै येथे थंड पाणी होते, ते तहान भागविणारे. दोन्ही उपयोगाची. लावदिकियाचे नळातून येणारे पाणी मात्र धड ना थंड ना गरम. या अर्थाने पाहिले तर थंड हा शब्द तेथे निंदेचा नाहीच. हा अर्थ युरोपीय वाचकापेक्षा आपल्या आजींना लवकर समजेल, असे मला वाटते. पेंटेकॉस्टच्या सणाला म्हटल्या जाणाऱ्या प्राचीन लॅटिन स्तोत्रात तर पवित्र आत्म्याकडे दोन्ही मागण्या आहेत. जे कोरडे आहे ते भिजव, आणि जे गारठले आहे त्याला ऊब दे. ते रचणाऱ्याला दोन्ही प्रकारची माणसे भेटली असावीत.

आता थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे, कारण कोरडा हा शब्द मला स्वतःला लागलेला आहे.

माझ्या पिढीला सेमिनरीत एक नियम फार कसोशीने शिकविला गेला. कोणाशी खास मैत्री नको, कोणाच्या घरी फार बसणे नको, मन सर्वांसाठी सारखे मोकळे हवे तर कोणा एकात गुंतू नये. नियमाच्या पाठीशी मोठी परंपरा होती. संत इग्नेशियस लोयोलाच्या १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळालेल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात सृष्ट वस्तूंविषयी समभाव शिकविला आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स, ज्यांच्या नावाचे आमचे कॅथेड्रल आहे आणि ज्यांच्या संघाच्या धर्मगुरूंनी सव्हॉयच्या बर्फाळ डोंगरांतून येऊन आमच्या मराठवाड्यात सुवार्ता पेरली, त्यांनीही देवप्रीतीवरील आपल्या ग्रंथात पवित्र उदासीनतेचा विस्तार केला आहे. तो ग्रंथ १६१६ सालचा. म्हणजे इकडे ‘क्रिस्तपुराण’ निघाले त्याच वर्षीचा. परंतु याच संतांनी त्यापूर्वी प्रापंचिकांसाठी लिहिलेल्या भक्तिजीवनावरील पुस्तकात काय म्हटले आहे, ते आम्हाला कुणी फारसे वाचून दाखविले नाही. खास मैत्री नको हा नियम मठात राहणाऱ्यांसाठी ठीक आहे, जगात चालणाऱ्यांना मात्र ओबडधोबड वाटेवर एकमेकांचा हात धरावाच लागतो, असे त्यांचे सांगणे आहे. मी मठात राहणार नव्हतो. खेड्यात जाणार होतो.

त्या पहिल्या खेड्यात मी नेमाने घरोघर जात असे, प्रार्थना म्हणत असे, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देत असे. सेमिनरीत असताना मला कावीळ झाली होती आणि पाण्याची काळजी घ्या असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून माझी बाटली माझ्याबरोबर असे. सहा महिन्यांनी तेथील वृद्ध मास्तर, जे मुलांना धर्मशिक्षण देत, मला एकीकडे घेऊन म्हणाले, “फादर, एक बोलू का? लोक म्हणतात, तुम्ही कोरडे आहात.” मला वाटले, माझ्या प्रवचनांविषयी असेल. मी म्हणालो, सोपे करून सांगत जाईन. मास्तर खाली पाहत म्हणाले, “प्रवचनाचं नाही, फादर. तुम्ही कोणाच्या घरचं पाणी घेत नाही.”

मला भर उन्हात अंगावर काटा आला. त्या गावातील आपली कुटुंबे कोणत्या समाजातून आली, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्यांच्या आजापणजांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता. वरून कुणीतरी ओंजळीत पाणी ओतावे तेव्हा ते पीत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तो इतिहास मी शाळेत शिकलो होतो. आणि तरीही त्यांच्याच घरी, त्यांनी पुढे केलेला तांब्या मी हात जोडून परत करीत होतो. माझ्या मनात कावीळ होती. त्यांच्या मनात काय जागे होत असेल? मराठीत ‘दूर’ हा शब्द केवळ मनाचा कधीच नव्हता. किती पावलांवर थांबायचे हे ठरलेले होते. दूर राहणारा आणि दूर ठेवलेला, हे दोन वेगळे आहेत, आणि ‘अलूफ’ म्हणताना हा भेद त्या इंग्रजी शब्दात मावत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी घेऊ लागलो. कावीळ काही पुन्हा झाली नाही.

म्हणून त्या मुलीचा कागद मी तसाच परत देऊ शकलो नाही. ‘अलूफ’ या एका शब्दात आपले किती शब्द गडप होतात, ते मी तिला दाखविले. अबोल, मितभाषी, घुमा, एककल्ली, तुसडा, माणूसघाणा, शिष्ट, आढ्यतेखोर, तटस्थ, अलिप्त, विरक्त, कोरडा. यांतला अबोल हा दोष नव्हे. शिष्ट हा दोष आहे, कारण त्यात दुसऱ्याला कमी लेखणे आहे. माणूसघाण्याला माणूस नकोसाच होतो. पापनिवेदनाला येणारा जर मला म्हणाला की, फादर, मी अलूफ आहे, तर मी त्याला विचारीन की, बाबा, यांतला नेमका कोणता? औषध प्रत्येकाचे निराळे आहे. मुलीने मन लावून ऐकले. मग तिने विचारले, “मग आमचे आजोबा यांतले कोणते, फादर?” मला उत्तर देता येईना. आजोबा माझ्याशीही दहा वर्षांत दहा वाक्ये बोलले नसतील.

तेव्हा त्या संध्याकाळी आजीच बोलल्या. आजोबा लहानपणी गावच्या हॉटेलबाहेर उभे राहून चहा पीत. कप वेगळा, तो स्वतः विसळून वळचणीला ठेवायचा. एकदा चुकून आत पाय पडला, तेव्हा जे झाले ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. आजींनाही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळले. त्यानंतर ते कोणाच्या ओट्यावर कधी बसले नाहीत. शहरात आले, बांधकामावर राबले, पोरे शिकविली. पण कुणाकडे लग्नकार्याला गेले तरी दाराशी उभे राहून परत येत. शेजाऱ्यांना वाटे, गर्व आहे. मुलालाही तसेच वाटत आले होते. मला मात्र ते ऐकताना वाऱ्याकडे तोंड धरून, खडकांपासून दूर चाललेले जहाज दिसत होते. नातीने लिहिलेला शब्द तिला न कळत, चारशे वर्षांपूर्वीच्या अर्थाने, बरोबर होता.

आणि मग आजींनी बहात्तरच्या दुष्काळाचे सांगितले. दोघे खडी फोडायला जात. सुकडी मिळे, ती मुलांना. गावच्या विहिरी आटल्या होत्या. दीड कोसावर एका मळ्यातल्या विहिरीला थोडे पाणी होते आणि ते रात्री गुपचूप आणावे लागे. आजोबा रोज रात्री दोन घागरी आणीत. त्यांतली एक घरी येई. दुसरी कुठे जाते, हे आजींनी बरेच दिवस विचारले नाही. एके रात्री त्या मागोमाग गेल्या. वस्तीच्या टोकाला एक बाळंतीण होती, तिचा नवरा ऊसतोडीला गेलेला. आजोबा तिच्या दाराशी घागर ठेवीत, कडी एकदा वाजवीत आणि तिने दार उघडण्याच्या आत निघून येत. “दार उघडेपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं?” आजी म्हणाल्या, “पण ते त्यांना जमायचं नाही.”

मुलाला हे माहीत नव्हते. तो त्या वेळी चार वर्षांचा होता. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

मिस्सेच्या दिवशी नातीने कागद वाचला. ‘अलूफ’च्या जागी तिने ‘अबोल’ घातले होते आणि खाली घागरीची हकीकत चार ओळींत लिहिली होती. तिचे वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई, ज्या या कुटुंबाच्या नात्यातल्या नाहीत, उठून उभ्या राहिल्या. काही न बोलता थोड्या वेळाने खाली बसल्या. त्या कोण होत्या हे मी विचारले नाही.

मिस्सेनंतर सगळे घरी गेले, मीही गेलो. आजींनी माठातल्या पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी चांगले थंड होते.